बॅचलर्स डिग्रीतला बी कॅपिटल की स्मॉल?

गोंधळलेला_कारकून:
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण अडलंय म्हणून विचारतो. बाहेरच्या युनिव्हर्सिटीसाठी इंग्लिशमध्ये एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, प्रवेशअर्जासोबतचं निवेदन) लिहितोय, त्यात मी कॉमर्समध्ये बॅचलर्स डिग्री घेतली आणि आता सीनियर अकाउंटंट आहे असं एक वाक्य आहे, तर मी बॅचलर्स, डिग्री, कॉमर्स, सीनियर, अकाउंटंट सगळ्यांना कॅपिटल देऊन मोकळा झालो. ताई म्हणते सगळं स्मॉल कर, ऑफिसातले साहेब म्हणतात हुद्दा स्मॉल लिहिला की आपणच आपली किंमत घालवतो. देवनागरीत ही भानगडच नाही त्यामुळे डोळ्याला खटकतही नाही. काय करू?

शुद्धलेखन_पीडित:
ताईचं ऐक. शाळेतलं विशेषनाम-सामान्यनाम आठव. नदी सामान्य, गोदावरी विशेष. बॅचलर ऑफ कॉमर्स हे डिग्रीचं पूर्ण नाव, म्हणजे गोदावरी, तिथे बी आणि सी कॅपिटल, मधला ऑफ स्मॉल. नुसतं बॅचलर्स डिग्री म्हटलंस की झाली नदी. आणि त्यातल्या एसच्या आधीचा अपॉस्ट्रॉफी विसरू नको, निम्मे लोक तिथेच आपटतात. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स वगैरे विषय स्मॉल, पण इंग्लिश, मराठी या भाषा कायम कॅपिटल.

प्रूफवाली_मावशी:
वरचं बरोबर, फक्त हे एपी स्टाइलप्रमाणे, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखननियमांप्रमाणे. शिकागो मॅन्युअल ही दुसरी नियमावली, ती पाळणारे चालू मजकुरात डिग्रीचं पूर्ण नावसुद्धा स्मॉलच ठेवतात, त्यामुळे युनिव्हर्सिटीने स्टाइल सांगितली असेल तर ती पाळ, नसेल तर एक धरून शेवटपर्यंत तीच ठेव.
हुद्द्याचं म्हणशील तर तो नावाच्या आधी चिकटला की कॅपिटल, प्रेसिडेंट द्रौपदी मुर्मू. नावानंतर किंवा एकटा आला की स्मॉल. साहेबांचंही अगदीच चूक नाही हं, आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात प्रेसिडेंट, गव्हर्नर सगळीकडे कॅपिटलच आहे आणि सरकारी पत्रांत तोच रिवाज मुरलाय. पण कॅपिटल म्हणजे अहोजाहो नव्हे! रेझ्युमेत हुद्दा वेगळ्या ओळीत येतो तिथे, व्हिजिटिंग कार्डावर, ईमेलच्या सहीखाली खुशाल कॅपिटल कर. एसओपीतल्या तुझ्या वाक्यात सगळं स्मॉल.

गोंधळलेला_कारकून:
बदललं सगळं, धन्यवाद. साहेबांना रेझ्युमेच दाखवतो, एसओपी नाही 😄 ताईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणे, मग माझ्या पीएचडीतला मधला एच स्मॉल का?

शुद्धलेखन_पीडित:
पी आणि एच मिळून एकाच शब्दाचे, फिलॉसॉफीच्या स्पेलिंगची पहिली दोन अक्षरं. बीटेकमध्ये टेकचा टी तेवढा कॅपिटल आणि पुढचं स्मॉल लिहितो ना, तसंच. ताईला डॉक्टरेट शब्द मात्र स्मॉल लिहावा लागेल, तेवढं तूच सांग.