अकाउंटेबिलिटीला मराठीत नक्की काय? (उत्तरदायित्व, कसूर, हयगय की जाब)

मंडळी, दोन दिवस एका शब्दावर अडकलेय. मी अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहते, बाबा साताऱ्याला, कोर्टात कारकून होते आता रिटायर. इथल्या एका खटल्याबद्दल त्यांना मराठीत लिहून पाठवतेय कारण फोनवर माझी अर्धी वाक्यं इंग्रजीत जातात आणि ते वैतागतात. खटला किम पॉटरचा. ११ एप्रिल २०२१, ब्रुकलिन सेंटर, मिनियापोलिसला लागूनच आहे. २६ वर्षं नोकरी झालेली पोलीस अधिकारी, गाडी अडवलेली, २० वर्षांचा डॉन्टे राइट अटक होताना सुटून परत गाडीत बसायला लागला, ही "टेझर टेझर" (विजेचा झटका देणारं पोलिसांचं हत्यार) असं ओरडली आणि हातात निघालं पिस्तूल. एकच गोळी, पोरगा गेला. टेझर पिवळा आणि डाव्या बाजूला, पिस्तूल काळं आणि उजव्या बाजूला, तरी हे झालं. तिला मारायचं नव्हतं हे सरकारी वकिलांनाही मान्य होतं. तरीही डिसेंबर २०२१ मधे ज्युरीने दोषी ठरवलं आणि फेब्रुवारी २०२२ मधे दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले १६ महिने प्रत्यक्ष तुरुंगात.

मी लिहिलं "पोलिसांचं उत्तरदायित्व". बाबा म्हणाले हे भाषण वाटतंय, माणूस असं बोलतो का? मग काय लिहू?

——

उत्तरदायित्व शासकीय परिपत्रकात ठीक आहे, घरात नको. साधं "जबाबदारी" लिहा ना ताई.

——

जबाबदारीत घोळ आहे. "जबाबदार अधिकारी" म्हणजे चांगला, समजूतदार, आणि "मृत्यूला जबाबदार अधिकारी" म्हणजे बरोब्बर उलटा. शिवाय "ती माझी जबाबदारी" हे काम करायच्या आधी म्हणतात. ताईंना पाहिजे ते काम बिघडल्यानंतरचं आहे. त्याला आपल्याकडे फार जुना आणि छोटा शब्द आहे, जाब. जाब विचारणे, जाब देणे. जबाबचंच आखूड रूप. आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की पोलीस ठाण्यात रोज सगळ्यांचे जबाब नोंदवले जातात, पण नोंदवणाऱ्याला जाब विचारायची वेळ आली की आपण एकदम संस्कृतात शिरतो, उत्तरदायित्व निश्चिती वगैरे. जाबाला विचारणारा लागतो आणि देणारा लागतो, दोघंही वाक्यात दिसतात.

——

माझे वडील हवालदार होते म्हणून लिहितोय. खात्यातला शब्द "कसूर". कर्तव्यात कसूर केली, कसुरी अहवाल गेला, मग विभागीय चौकशी, वेतनवाढ बंद, नाहीतर कंट्रोलला जमा. उशिरा आला तरी कसूर आणि कोठडीत माणूस मेला तरी कागदावर पहिला शब्द कसूरच. लहानपणी कळायचं नाही, आता कळतं की कसूर ही कर्तव्याशी केलेली असते, म्हणजे खात्याशी. मेलेला माणूस त्या शब्दात कुठेच नाही. हे वडिलांच्या विरोधात लिहीत नाहीये, बाराबारा तास ड्यूटी करून आलेला माणूस मी रोज बघितलाय, दमलेल्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं तेही माहितीये. पण तेवढाच दमलेला ट्रकवाला कुणाला उडवतो तेव्हा एफआयआरमधे काय लिहितात? "हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून अमुक याच्या मरणास कारणीभूत झाला." हयगय! तिथे मेलेल्याचं नाव त्याच वाक्यात येतं. ताई, तुम्ही हयगय लिहा.

——

(मूळ प्रश्नवाली) दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण इथल्या मिनेसोटा राज्याच्या कायद्यात पॉटरवरच्या एका कलमात जो शब्द आहे तो शब्दशः "सदोष हयगय" असाच होतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले मग सरळ सांग ना, आपलं ३०४ अ, म्हणजे भारतीय दंड संहितेतलं हयगयीने मृत्यू घडवल्याचं कलम. ते आता भारतीय न्याय संहितेत १०६ झालंय म्हणे, शिक्षाही दोनावरून पाच वर्षांपर्यंत वाढलीय. त्यांनी लगेच विचारलं की तिच्यावर केस करायला सरकारची पूर्वमंजुरी कधी मिळाली. इथे तशी लागत नाही, दोन दिवसांनी तिने राजीनामा दिला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोप ठेवले गेले. यावर ते बराच वेळ गप्प होते. आपल्याकडे ड्यूटीवरच्या कृत्यासाठी मंजुरीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १९७, आताचं नागरिक सुरक्षा संहितेतलं २१८, त्याच्या फायली त्यांनी आयुष्यभर बांधल्यात.

पण अजून एक अडलंय. मी "तिच्याकडून चुकून गोळी सुटली" असं लिहिलंय. बरोबर आहे ना?

——

नाही. ट्रिगर दाबला ना तिने? मग "झाडली". गोळी सुटते ती बंदूक साफ करताना, पडली-आपटली तर. "चुकून" राहू द्या, तो खरा आहे, तिने ते कोर्टात रडून सांगितलं होतं. पण चुकून सुटली म्हटलं की बंदुकीची चूक होते. बातम्यांमधे हेच करतात, "झटापटीत गोळी सुटून युवकाचा मृत्यू", कर्ता गायब. "चुकून झाडली" हे कानाला खडबडीत लागेल, लागू द्या, घडलं तेच आहे.

——

आणि "दुर्दैवी घटना" हा शब्दप्रयोग पूर्ण पत्रात कुठेही येऊ देऊ नका प्लीज. दैवावर ढकललं की जाब कुणाला विचारणार.

——

(मूळ प्रश्नवाली) सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाठवलेलं वाक्य असं: "टेझर समजून तिने पिस्तुलातून गोळी झाडली, त्यात डॉन्टे राइट मेला, ही हयगय होती असं ज्युरीने ठरवलं आणि तिला तिचा जाब द्यावा लागला." बाबांनी एकच दुरुस्ती केली, "मेला" खोडून "मरण पावला". मुलगा होता कुणाचातरी, म्हणाले.