मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी उन्हाळ्यात कशी तपासावी?

नमस्कार मंडळी. माझ्या 2017 च्या इनोव्हा क्रिस्टा डिझेल ऑटोमॅटिकचे गिअरबॉक्स ऑइल मी काल नागपुरात घरीच बदलले. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसल्याने पातळी ओव्हरफ्लो प्लगवरूनच (जादा ऑइल बाहेर वाहू देणारे खालचे बूच) ठरवावी लागते, आणि तिथेच मी अडकलो आहे.

गाडी चार स्टँडवर समतल ठेवून, भरण्याचा प्लग आधी सैल करून मगच जुने ऑइल काढले. मापाच्या डब्यात ते तीन लिटर भरले (उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात, राहते, हे ठाऊक आहे), आणि तेवढेच नवे डब्ल्यूएस (टोयोटाचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे) ऑइल हातपंपाने घातले. इंजिन चालू ठेवून लिव्हर सर्व स्थितींतून फिरवला. पातळी साधारण 40 अंशांच्या आसपास तपासायची असते. परंतु दुपारी हवाच 43 अंशांवर असल्याने स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणारे यंत्र) ऑइलचे तापमान 52 दिसले. प्लग उघडताच बारीक धार लागली, म्हणून मी तो लगेच बंद केला. गरम ऑइल फुगते, त्यामुळे धार थांबेपर्यंत वाहू दिले असते तर पातळी कमी राहिली असती, अशी मला भीती वाटली.

गाडी अजून रस्त्यावर काढलेली नाही. पहाटे थंड इंजिन सुरू करून 40 अंशांना प्लग पुन्हा उघडणे पुरेसे आहे, की त्याआधी थोडे ऑइल आणखी घालावे?