मदत हवी आहे: दापोलीजवळच्या बंद घरासाठी कॅमेरे

घर दापोली तालुक्यात, आम्ही पुण्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपच. पुढचं दार, मागची पडवी आणि विहिरीवरचा पंप, एवढ्यावर नजर हवी.

खरी अडचण विजेची आणि नेटची. पावसात लाईट गेली की कधी दोन-दोन दिवस येत नाही, इन्व्हर्टरही मान टाकतो. फायबर वाडीपर्यंत आलेलं नाही. ४जीची रेंज पडवीत बरी, माजघरात शून्य.

सिमच्या राऊटरवर साधा वायफाय कॅमेरा लावून झाला. लाईट आल्यावर कॅमेरा चालू होतो, राऊटर मात्र बऱ्याचदा नेट पकडत नाही. मग शेजारचे काका बंद-चालू करणार. त्यांना किती त्रास द्यायचा? शिवाय रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांसमोर किडे येतात, कोळी काचेसमोरच जाळं विणतो आणि हालचालीच्या अलर्टने फोन रात्रभर वाजत राहतो.

दुकानदार डीव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) घ्या म्हणतो. पण चोराने डबाच उचलला तर? आणि सगळं क्लाउडवर पाठवायचं तर २ एमबीपीएसने एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर आणि हालचाल झाली तरच छोटी क्लिप मोबाईलवर, असं हवंय. बजेट तीन कॅमेऱ्यांना मिळून २५ हजार.

सोलरवर चालणारा, आत सिम असलेला कॅमेरा कोकणात कुणी वापरलाय का? जुलै-ऑगस्टच्या झाकोळात बॅटरी टिकते का, की राऊटरलाच आपोआप बंद-चालू करणारा टायमर आणि मोठी बॅटरी लावणं बरं?