जुन्या डेटाबेसच्या मॉडेलची नावं एआयकडून बदलून घेतली, आता टेबलं ड्रॉप व्हायला लागलीत

हळदपेठ_देव
नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडं आलंय, पोस्टग्रेस डेटाबेसवर, ६२ टेबलं. नवीन कोडला प्रिझ्मा (कोडमधून डेटाबेस हाताळायचं टूल) घेतलं, डीबी पुल (डेटाबेस वाचून स्कीमा म्हणजे रचनेची फाईल बनवणारी कमांड) मारलं तर नावं जशीच्या तशी आली, कुठं हळद_पावत्या, कुठं टीबीएल_पट्टी, कुठं शेतकरी_मास्टर_नवीन. मॉडेल (कोडमधलं टेबल) एकवचनी पास्कलकेसमध्ये (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) आणि फील्ड (कॉलम) कॅमलकेसमध्ये (तसंच, पण पहिला शब्द छोट्या अक्षरानं) पाहिजे म्हणून अख्खी स्कीमा एआयला दिली आणि म्हटलं नावं नीट कर. दोन मिनिटात झालं. नशीब डेटाबेसच्या कॉपीवर डीबी पुश (स्कीमाप्रमाणं डेटाबेस बदलणारी कमांड) मारलं, वॉर्निंग आली की टीबीएल_पट्टी टेबल ड्रॉप होणार आणि ते रिकामं नाही, ४१ हजार ओळी हायत. छातीत धस्स झालं. काय चुकलं?

कृष्णाकाठ
दादा, मॅप राहिलाय. मॉडेलचं नाव बदललं की प्रिझ्मा त्याच नावाचं टेबल शोधतं, नाही सापडलं की त्याला वाटतं जुनं काढून नवीन करायचंय. मॉडेलच्या आत @@मॅप लिहून जुन्या टेबलचं नाव द्या, फील्डला @मॅप. रिलेशन फील्डला (एका मॉडेलला दुसऱ्याशी जोडणाऱ्या) नको, ती डेटाबेसमध्ये नसतातच. मग डीबी पुलची मूळ फाईल आणि नवीन फाईल यांच्यात मायग्रेट डिफ (दोन स्कीमांतला फरक दाखवणारी कमांड) चालवा, काहीच फरक निघायला नको, एक ओळ जरी निघाली तरी तिथं एआयनं काहीतरी खाल्लंय. आणि हो, क्वेरीरॉ (कोडमध्ये थेट एसक्यूएल लिहायची सोय) वापरलं असेल तर तिथं जुनीच नावं राहतात, तिथं एआयला हात लावू देऊ नका.

हरिपूरची_लेक
मॅप तर झालाच पण नावंसुद्धा बघा हो. पट्टीचं काय केलंय त्यानं?

हळदपेठ_देव
ताई, टॅक्स केलंय. आणि पेवचं वेअरहाउस, गोडाऊनचं स्टोरेज.

हरिपूरची_लेक
हेच वाटलेलं. त्याला घरपट्टी पाणीपट्टी माहीत, अडतीतली पट्टी नाही. माल विकल्यावर हमाली तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात जो हिशोबाचा कागद पडतो ती पट्टी, तिला टॅक्स म्हटलं तर उद्या नवीन पोरगं जीएसटीचा कोड त्यात घालेल आणि भरडला जाईल शेतकरी. पेव पण वेगळं, जमिनीखालचं, आमच्या हरिपुरात वडिलांच्या पिढीनं त्यात हळद ठेवलेली, गोडाऊनसारखं रोज उघडबंद करायची गोष्ट नाही ती. माझं ऐका, एआयकडून आधी नुसती यादी घ्या, जुनं नाव आणि नवीन नाव, आणि स्पष्ट सांगा की भाषांतर करायचं नाही, फक्त एकवचन आणि अक्षरांची केस. पट्टी ही पट्टीच राहू दे. ती यादी दुकानातल्या जुन्या माणसाला दाखवा, मग त्यावरून छोटी स्क्रिप्ट लिहून स्कीमा बदला, अख्खी फाईल परत त्याच्याकडं द्यायचीच नाही.

हळदपेठ_देव
केलं तसंच. डिफ रिकामा आला, रॉ क्वेऱ्या तीन सापडल्या त्या तशाच ठेवल्या. यादी घेऊन काल दिवाणजींकडं बसलो, चहा होईपर्यंत त्यांनी बोट ठेवलं टीबीएल_पट्टी_२ वर, मी ते डुप्लिकेट समजून काढणार होतो. म्हणाले, "ती उचल घेतलेल्यांची पट्टी, त्यातली उचल वजा करूनच पैसे द्यायचे." मॉडेलचं नाव आता उचलपट्टी.