एर्लांगच्या उपयुक्ततेविषयी
एर्लांग ही प्रोग्रामिंग भाषा येणाऱ्यांसाठी नोकऱ्या मोजक्याच आहेत हे आपले म्हणणे खरे असले, तरी तेवढ्यावरून ती भाषा निरुपयोगी ठरवणे मला पटत नाही. १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दूरध्वनी केंद्रांसाठी घडवायला घेतली. तिथे एका कॉलमधील बिघाडामुळे बाकीचे कॉल तुटून चालत नाही. म्हणूनच तिच्यातील हलक्या प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची स्वतंत्रपणे चालणारी छोटी कामे, एकमेकींची मेमरी वापरत नाहीत, केवळ निरोप पाठवतात आणि एखादी कोसळलीच, तर तिच्यावर देखरेख करणारी प्रोसेस तिला नव्याने सुरू करते. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच पायावर उभे राहिले. जड आकडेमोडीसाठी मी ती सुचवणार नाही, पण चालू यंत्रणा न थांबवता कोड बदलण्याची तिची सोय मला आजही विलक्षण वाटते.