कष्टकऱ्यांनाही बीपी होतो

'शेतात राबणाऱ्याला कुठलं आलंय बीपी' असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेनं ८६ गावांतले दोन वर्षांतले मृत्यू तपासले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त मृत्यू लकव्यानं, साधारण सातातला एक, आणि त्यातले बहुतेक घरीच. लकव्याचं मोठं कारण बीपीच.

आमच्या काकाजींची बीपीची गोळी धानाच्या रोवणीत सुटली. आरोग्य केंद्रात पंधराच दिवसांच्या मिळायच्या, पुन्हा जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. त्यात डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कशाला, असं तेच म्हणायचे. दिवाळीआधी लकव्यानं उजवा हात गेला. महिनाभराच्या गोळ्या आशाताईंकडून घरपोच मिळाल्या असत्या तर कदाचित हात वाचला असता, असं मला आजही वाटतं.