घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे अब्जाधीश

नदीकाठ:

परवा जेवताना मेहुण्यांशी जुंपली. त्यांचं म्हणणं, अमेरिकेत काय, थैली मोकळी सोडली की झालं, राष्ट्राध्यक्षपद घरपोच. मी विचारलं, मग मायकेल ब्लूमबर्ग कुठायत? तेवढ्यात आमरस आला आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हा धागा.

2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला दोन अब्जाधीश पदरमोड करून उतरले होते. हेज फंडातून, म्हणजे श्रीमंतांचे पैसे गुंतवण्याच्या धंद्यातून, गब्बर झालेले टॉम स्टायर जुलै 2019 मध्ये आले. न्यूयॉर्कचं महापौरपद तीनदा भोगलेले ब्लूमबर्ग तर नोव्हेंबर संपता संपता. त्यांनी पहिली चार राज्यं सोडूनच दिली आणि 3 मार्चच्या 'सुपर ट्यूसडे'वर, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानावर, सगळा डाव लावला. खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. आणि पदरात काय पडलं? त्या दिवशी जिंकलं ते एकटं अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधला चिमुकला बेटसमूह, तेही पावणेदोनशे मतांनिशी. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला याहून जास्त लोक येतात. दुसऱ्या दिवशी माघार. स्टायर यांनी तीस कोटींहून जास्त घालवले, साउथ कॅरोलायनात तिसरे आले आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मिळाले शून्य.

उलट बायडन यांची तिजोरी फेब्रुवारीत खडखडाट होती. साउथ कॅरोलायनात तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, बायडन यांनी राज्य जिंकलं आणि तीन दिवसांत वारं फिरलं. मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटात फारसा प्रचार न करताही ते जिंकले.

माझं म्हणणं एवढंच, की स्वतःच्या खिशातून लढणाऱ्याला इतकं घाबरायचं कारण नाही. तो निदान मिंधा तरी नसतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हा नियम देणग्यांवर जगणाऱ्यांना लागू. हा तर स्वतःचीच पोळी खातोय.

वाकडी_वाट:

साफ असहमत. कोण हरलं यापेक्षा त्या पैशाने कोण आधीच बाहेर पडलं ते बघा.

उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादसभेच्या मंचावर उभं राहायला पक्षाने अट घातली होती, अमुक इतके देणगीदार हवेत. हेतू चांगला होता, सामान्य माणसाच्या पाच-दहा डॉलरला किंमत यावी. स्टायर यांनी काय केलं? फेसबुकवर जाहिरातींचा मारा करून लोकांकडे एकेक डॉलर मागितला. एक डॉलर मिळवायला खिशातले कितीतरी घातले असतील, पण 1,30,000 देणगीदारांचा आकडा गाठला. डिसेंबरच्या वादसभेत स्टायर होते. कोरी बुकर आणि हुलियान कास्त्रो हे उमेदवार, एक सिनेटर आणि एक माजी मंत्री, घरी बसून टीव्ही बघत होते. कमला हॅरिस तर त्याआधीच, 3 डिसेंबरला बाहेर पडल्या. जाताना त्यांनी लिहिलं होतं की मी अब्जाधीश नाही, माझी मोहीम मी खिशातून चालवू शकत नाही.

ब्लूमबर्ग यांचं प्रकरण त्याहून पुढचं. ते देणग्याच घेत नव्हते, त्यामुळे देणगीदारांची अट पूर्ण होणं शक्यच नव्हतं. 31 जानेवारीला पक्षाने ती अटच काढून टाकली. बुकर आणि कास्त्रो यांना पक्षाच्या दुसऱ्या अटीने, मतचाचण्यांतल्या टक्क्यांनी, अडवलं, तेव्हा नियम दगडावरची रेघ होते.

कोपऱ्यावरचा_वाणी:

अहो पण मंचावर आले म्हणूनच बुडाले ना! 19 फेब्रुवारीची लास वेगासची वादसभा आठवा. दुसऱ्या उमेदवार, सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी सुरुवातच अशी केली की आपली लढत बायकांना नावं ठेवणाऱ्या एका अब्जाधीशाशी आहे, आणि नाही, मी ट्रम्पबद्दल बोलत नाहीये, मी महापौर ब्लूमबर्गबद्दल बोलतेय. मग कंपनीतल्या स्त्रियांशी केलेले गुप्ततेचे करार काढले. करारातून मोकळं करणार का, एवढाच प्रश्न. हा माणूस डोळे फिरवत उभा. कोट्यवधींच्या जाहिरातींनी रंगवलेली भिंत एका पावसात धुऊन निघाली. पक्षाने दार उघडलं हे उत्तमच झालं.

वाकडी_वाट:

बुडाले, मान्य. पण समोर वॉरन होत्या म्हणून. दर वेळी वॉरन कुठून आणणार?

सांजवात:

मी तेव्हा सॅन होजेजवळ राहत होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मत माझ्या मुलीचं, पहिलंच. मी ग्रीन कार्डवाली, म्हणजे नुसती प्रेक्षक.

फेब्रुवारीत टपालपेटीत रोज ब्लूमबर्ग. गुळगुळीत जाड कागद, इतका छान की मी त्यावर लसूण सोलायची. टीव्ही लावला की ब्लूमबर्ग, यूट्यूबवर भजन लावलं तरी आधी ब्लूमबर्ग. मुलगी दुसऱ्या एका उमेदवारासाठी फुकट फोन करायला जायची, डबा घरून नेऊन. तिच्या ओळखीतला एक मुलगा ब्लूमबर्ग यांच्याकडे लागला. महिना सहा हजार डॉलर, तीन वेळचं जेवण, नवा फोन, लॅपटॉप. नोव्हेंबरपर्यंत पगार पक्का असं सांगितलेलं. कॅलिफोर्नियात तर मित्रमैत्रिणींना मेसेज पाठवण्याचेही महिना अडीच हजार देत होते. मार्चमध्ये मोहीम गुंडाळली आणि थोड्याच दिवसांत या पोरांना नारळ. काही कर्मचारी कोर्टातही गेले.

त्यामुळे नदीकाठ, 'मिंधा नसतो' हे पटतं हो, पण तो कोणाला मिंधं करत नाही असं नाही. मुलगी म्हणायची, आई, आमच्या इथे लोक उमेदवार आवडतो म्हणून येतात, तिकडे जेवण चांगलं आहे म्हणून.

रानमेवा:

लक्ष्मीदर्शन शेवटी सगळीकडे सारखंच. तिकडे पावती मिळते एवढंच.

जुनी_पोथी:

कायद्याचं कोणी बोललं नाही, म्हणून थोडं. 1970 च्या दशकात अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला स्वतःचे फक्त 50,000 डॉलर वापरता येतील अशी मर्यादा घातली होती. 1976 मध्ये 'बकली विरुद्ध व्हॅलिओ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली. तर्क असा, की माणूस स्वतःलाच लाच कशी देणार? दुसऱ्याने दिलेल्या देणगीवर मात्र मर्यादा राहिली. 2020 साली ती एका निवडणुकीला 2,800 डॉलर होती. म्हणजे तुम्ही मला 2,801 देऊ शकत नाही, मी मला शंभर कोटी देऊ शकतो.

(आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत 95 लाखांची मर्यादा, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. हसू नका.)

आणि नदीकाठ यांचा 'पैशाने उमेदवारी मिळत नाही' हा सिद्धांत 1960 च्या वेस्ट व्हर्जिनियातल्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत अडखळतो. केनेडी घरच्या विमानातून फिरत होते, ह्यूबर्ट हम्फ्री बसमधून. हम्फ्री म्हणाले होते की दुकानांच्या साखळीशी टक्कर देणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी माझी गत झालीय. 10 मेला हरले आणि शर्यतीतून बाहेर.

कोपऱ्यावरचा_वाणी:

माझ्या नावावरून टोमणा कळला. 🙂 पण केनेडींकडे पैसा आणि माणूस दोन्ही होतं. नुसता पैसा असलेल्यांची यादी बघा. रिपब्लिकन पक्षात फोर्ब्स मासिकवाले स्टीव्ह फोर्ब्स 1996 मध्ये अ‍ॅरिझोना आणि डेलावेअर जिंकून थांबले, 2000 मध्ये तेवढंही नाही. त्याच पक्षात मिट रॉम्नी यांनी 2008 मध्ये चार कोटींहून जास्त ओतले आणि हरले कोणाकडून, तर ज्यांची मोहीम आदल्या उन्हाळ्यात दिवाळखोरीच्या काठावर होती त्या जॉन मॅकेन यांच्याकडून.

नदीकाठ:

सांजवातताई, लसणाचं वाचून बायको हसत सुटली.

वाकडी_वाट, अट काढायला नको होती किंवा मुळात घालायलाच नको होती, हे मान्य. पण तो दोष पक्षाचा. दारवानाने दार उघडलं तर पाहुण्याला शिव्या का?

वाकडी_वाट:

कारण दारवानाचा पगार पाहुणाच देतो! 25 फेब्रुवारीच्या चार्ल्सटनच्या वादसभेत ब्लूमबर्ग 2018 बद्दल सांगत होते. त्या वर्षी निवडून आलेल्या चाळीस नव्या खासदारांपैकी एकवीस जणांसाठी आपण दहा कोटी डॉलर खर्च केले, हे सांगताना जीभ घसरली, 'मी त्यांना विकत...' असं अर्धं बोलून 'निवडून आणलं'वर आले. त्यांच्या संस्थेचं अनुदान मिळालेल्या शहरांचे कितीतरी महापौर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पोळी आणि टाळीचा नियम इथे बसवून बघा की.

आणि माघारीनंतरचं कोणी काढलंच नाही. मार्च 2020 मध्ये त्यांच्या मोहिमेने उरलेल्यातले एक कोटी ऐंशी लाख डॉलर पक्षाकडे वळते केले. तुम्ही-आम्ही म्हणजे कोणीही नागरिक तेव्हा पक्षाच्या मुख्य खात्याला वर्षाला 35,500 देऊ शकत होता. पण उमेदवाराच्या मोहिमेने पक्षाला किती द्यावं यावर मर्यादा नाही. आधी स्वतःच्या मोहिमेला द्यायचे, मग मोहिमेने पक्षाला. न्यायालय म्हणालं माणूस स्वतःला लाच देऊ शकत नाही. बरोबर आहे, पण स्वतःमार्फत दुसऱ्याला देऊ शकतो.

नदीकाठ:

हे एक कोटी ऐंशी लाखांचं मला माहीत नव्हतं. मेहुण्यांना धागा पाठवणार होतो, आता दोन दिवस थांबतो.

रानमेवा:

पाठवा हो. पण आधी आमरस संपवा.